मूल आपले, निर्णय कुणाचा?

मे महिना संपत आला की आपल्या घरांमध्ये एकच विषय सुरू होतो. धाकट्याचे नाव कोणत्या शाळेत घालायचे? दादी म्हणते, उर्दू शाळेतच घाला, नाहीतर पोरगा आपल्या माणसांपासून तुटेल. अब्बांना इंग्रजी माध्यम हवे असते, कारण आखातात नोकरी करताना इंग्रजी कमी पडल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. अम्मी म्हणते, शेजारची मराठी शाळा चांगली आहे, मुलगा चालत जाईल, आणि घरात तरी आपण दुसरी कोणती भाषा बोलतो? दस्तरखानावर सुरू झालेला वाद सकाळच्या चहापर्यंत चालतो.

या सगळ्या वादात एक गोष्ट आपण गृहीत धरतो, ती म्हणजे निर्णय आपला आहे. पण हा अधिकार आपल्याला कुठून मिळाला आणि तो कुठपर्यंत जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपली राज्यघटना उघडली तर ‘आईवडिलांना मुले वाढवण्याचा हक्क आहे’ असे शब्द असलेले स्वतंत्र कलम सापडत नाही. हा हक्क निरनिराळ्या कलमांतून आणि न्यायालयांच्या निकालांतून उभा राहिलेला आहे. त्यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीतून सुरू झाला.

१९५४ च्या जानेवारीत तेव्हाच्या मुंबई सरकारने आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा, असा त्याचा अर्थ होता. देवळालीची बार्न्स हायस्कूल चालवणारी संस्था न्यायालयात गेली. तिच्याबरोबर प्रवेश नाकारल्या गेलेल्या मुलांचे पालकही गेले. सरकारचा हेतू देशी भाषांना बळ देण्याचा होता. तरीही आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरवला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात किंवा भाषा यांच्या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही, हे अनुच्छेद २९(२) चे वचन तेथे कामी आले.

साठ वर्षांनी असाच प्रश्न कर्नाटकातून आला. प्राथमिक वर्गांत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम असावे, असे तेथील सरकारचे धोरण होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, मुलाने प्राथमिक शिक्षण कोणत्या भाषेत घ्यावे याची निवड अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते आणि मुलाच्या वतीने ती निवड आईवडील करतात. सरकार अल्पसंख्याकांच्या किंवा विनाअनुदानित खासगी शाळांवर माध्यम लादू शकत नाही. आपल्या दृष्टीने आणखी मोलाची गोष्ट म्हणजे, मुलाची मातृभाषा कोणती हे आईवडील किंवा पालक ठरवतील, असेही न्यायालयाने म्हटले. कोकणी, दखनी, मराठी, उर्दू अशा दोन-तीन भाषा एकाच छताखाली बोलणाऱ्या आपल्या घरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुसलमान म्हटला की त्याची भाषा उर्दूच, असे दुसऱ्या कोणी परस्पर ठरवायचे कारण उरत नाही.

माध्यमाची निवड आपली असली तरी राज्याची भाषा नको म्हणण्याची सोय मात्र त्यात नाही. महाराष्ट्रातील शाळांत मराठी विषय सक्तीचा करण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्यता दिली आणि ती सक्ती अल्पसंख्याक संस्थांनाही लागू केली. आपल्या मुलांना तलाठी कार्यालयात, दवाखान्यात, न्यायालयात याच भाषेत बोलायचे आहे. यात आपले नुकसान नाही.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. मूल शाळेत गेले की एखादा धार्मिक विधी किंवा प्रार्थना यांत सहभागी होण्याचा प्रसंग येतो आणि आई अस्वस्थ होते. यासाठी अनुच्छेद २८(३) लक्षात ठेवावा. मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. केरळमधील तीन ख्रिस्ती भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढले गेले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. उच्च न्यायालयात त्यांची बाजू हरली, पण पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. मुले आदराने उभी राहत होती, ही गोष्ट या निकालात महत्त्वाची ठरली. आपणही आपले म्हणणे अदबीने, लेखी आणि मुख्याध्यापकांना भेटून मांडावे. फाटकावर आरडाओरडा केला तर त्याचा त्रास वर्गात बसलेल्या मुलालाच होतो.

आता हक्काची दुसरी बाजू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच वेळी आईवडिलांवर या वयातील मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे मूलभूत कर्तव्य टाकले. अनुच्छेद ५१-क मधील हे अकरावे कर्तव्य. म्हणजे कोणती शाळा, हे आपण ठरवू शकतो. शाळाच नको, असे म्हणू शकत नाही. सातवीनंतर मुलीला घरी बसवणाऱ्या, किंवा मुलाला गॅरेजमध्ये कामाला लावणाऱ्या बापाने ‘माझे मूल, माझी मर्जी’ म्हटले, तर घटना त्याच्या पाठीशी उभी राहत नाही.

दीनही राहत नाही. सूरह तहरीममध्ये ईमानवाल्यांना स्वतःबरोबर आपल्या घरच्यांनाही आगीपासून वाचवण्याची आज्ञा आहे. प्रत्येकजण आपल्या कळपाचा राखणदार आहे आणि त्याला त्या कळपाबद्दल विचारले जाईल, या आशयाची पैगंबर (स.) यांची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राखणदार मालक नसतो. औलाद ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

या अमानतीची मुदतही संपते. २०१८ मध्ये केरळच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सज्ञान मुलीने कोणता धर्म मानावा आणि कोणाशी लग्न करावे, हा तिचा निर्णय आहे. उच्च न्यायालयाने वडिलांच्या अर्जावर तिचे लग्न रद्द ठरवले होते, ते पुन्हा वैध झाले. त्या मुलीने इस्लाम स्वीकारला होता, म्हणून आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला. पण तोच न्याय आपल्या घरातल्या सज्ञान मुलीलाही लागू आहे, हे आपण तितक्याच मोकळेपणाने मानतो का? तिची मर्जी न विचारता निकाह ठरवणाऱ्यांनी स्वतःला हा प्रश्न विचारावा. शरीयतमध्येही मुलीची संमती मागितली गेली आहेच.

हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी असतात. अल्पसंख्याकांच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती सल्ला देण्याचे काम करते. आपल्या किती भगिनी या बैठकांना जातात? स्वच्छतागृहाला दार नाही, गणिताला शिक्षक नाही, हे तेथेच बोलायचे असते.

यंदा शाळेचा अर्ज भरायला बसाल तेव्हा सगळ्यांची मते ऐका, दादीचे, अब्बांचे, अम्मीचे. मग ज्याचे नाव अर्जावर लिहायचे आहे त्यालाही जवळ बोलवा. सहा वर्षांच्या मुलाला माध्यम कळत नाही, पण आपल्याला कोणी विचारले, हे त्याला नक्की कळते.