बाकाबाईंनी पाहिलेले नागपूर

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी मारबत या पुतळ्याची मिरवणूक निघते. इतवारी-महालाच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर होतो आणि शेवटी तिला जाळतात. ही प्रथा १८८१ पासूनची. कुणी तिला पूतना म्हणतात. जुन्या वस्तीतली माणसं मात्र थेट नाव घेतात: बाकाबाई.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. घराणं भरात होतं तेव्हा ती सून होऊन वाड्यात आली. पहिल्या रघुजींना गोंड राजघराण्यातल्या भाऊबंदकीत मदतीला बोलावलं होतं. ते आले आणि राहूनच गेले. त्यांच्या स्वारांनी बंगालपर्यंत धडक मारली, आणि १७५१ च्या तहाने ओडिशा अन् वर्षाला बारा लाखांची चौथाई पदरात पडली. बंगालमधल्या आया लेकरांना 'बर्गी आले' म्हणून झोपवायच्या, ते हेच स्वार. आपल्याकडे त्याचा अभिमान सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

उतरण लागली ती १८०३ साली. इंग्रजांशी आडगावची लढाई हरली, गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहात कटक नि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. दुसरे रघुजी १८१६ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलाचा, परसोजींचा, खून झाला. संशय चुलतभाऊ अप्पासाहेबांवर होता. गादीवर आलेल्या अप्पासाहेबांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढून पाहिलं. दोन दिवसांत निकाल लागला. कैदेतून ते निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आसरा दिला, आणि १८४० साली जोधपुरात त्यांनी देह ठेवला. पराभूत असले तरी नागपूरकरांना ते आपले वाटतात.

बाकाबाई मागेच राहिल्या. रघुजींचा मुलीकडून झालेला नातू इंग्रजांनी तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवला. पोर लहान, म्हणून वाड्याचा कारभार बाकाबाईंकडे आणि राज्याचा रेसिडेंट जेंकिन्सकडे. अशी वाटणी कुणाच्या सोयीची, हे उघडच आहे.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारसाविना गेले. इंग्रज गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. इथला कापूस हा त्याच्या लेखी मोठाच मुद्दा होता. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत कवडीमोलाने विकले गेले. जवाहिर कलकत्त्याला हॅमिल्टन कंपनीच्या लिलावात गेलं. सामान हललं तर वाड्यालाच आग लावू, असं बाकाबाईंनी बजावल्याचं के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. तरी सामान हललं.

१८५७ साली टाकळीच्या इंग्रजी घोडदळात उठावाचा कट शिजला आणि फसला. बाकाबाईंनी मात्र नातलगांना दम भरून आवरलं. उठावाला भोसल्यांचं नाव मिळू दिलं नाही. त्यासाठीच त्या आजही मारबतीत जळतात. मला हा न्याय पुरता पटत नाही. दोन पराभव आणि एक लिलाव पाहिलेल्या म्हातारीने पैज कुठे लावायची? तिने घरावर लावली. १८५८ साली ती गेली, आणि नंतर इंग्रजांनी दत्तक जानोजींना मान्यता देऊन 'देऊरचे राजाबहादूर' ही पदवी दिली. पदवी साताऱ्याकडच्या एका गावाची. नागपूरचं नाव तिच्यात येऊ दिलं नव्हतं.

काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडा १८६४ साली खरंच जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीजच्या लिलावात पहिल्या रघुजींची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. त्याच महिन्यात नागपुरात नेहमीप्रमाणे काळी मारबत निघाली.