हिऱ्याचा तापमापक

हिऱ्याने तापमान मोजता येते ते हिऱ्यातल्या दोषामुळे. शुद्ध हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आला आणि लगतची जागा रिकामी राहिली, की त्या जोडीला नायट्रोजन-पोकळी केंद्र म्हणतात. त्याला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन मिळाला तरच ते या कामाला उपयोगी पडते. प्रयोगशाळेत अशी केंद्रे मुद्दाम घडवतात. नायट्रोजन असलेल्या कृत्रिम हिऱ्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून पोकळ्या पाडतात आणि मग हिरा सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवत ठेवतात. त्या उष्णतेत पोकळ्या स्फटिकात भटकतात आणि नायट्रोजनपाशी आल्या की अडकतात. केंद्रांची दाटी झाली की हिरा गुलाबी-लालसर दिसतो. असे रंगवलेले हिरे दागिन्यांच्या बाजारातही येतात.

या केंद्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित स्पिनला तीन अवस्था असतात. चुंबकीय क्षेत्र नसताना एक अवस्था खाली आणि दोन थोड्या वर असतात. त्यांच्यातले ऊर्जेचे अंतर सूक्ष्मलहरींच्या भाषेत सांगायचे तर सुमारे २.८७ गिगाहर्ट्झ असते. हिरा तापला की स्फटिक किंचित फुगतो, अणूंची थरथर वाढते आणि हे अंतर घटते. खोलीच्या तापमानाच्या आसपास दर अंशाला ही घट सुमारे ७४ किलोहर्ट्झ असल्याचे २०१० मध्ये अकोस्टा, बुडकर आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. म्हणजे मूळ अंतराच्या जवळजवळ चाळीस हजारांत एक भाग. बदल इवलासा आहे, पण वारंवारता ही भौतिकशास्त्राला सर्वांत नेमकेपणाने मोजता येणारी राशी आहे. या तापमापकाचे खरे बळ तिथे आहे.

मापन प्रकाशाने होते. हिरव्या लेसरचा झोत पडला की केंद्र लाल प्रकाश सोडते आणि खालच्या अवस्थेत येऊन स्थिरावते. मग सूक्ष्मलहरी सोडतात. त्यांची वारंवारता नेमकी जुळली की इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थांत जातात आणि तिथून लाल प्रकाश कमी मिळतो. उजेड जिथे मंदावतो ती वारंवारता हुडकली की तापमान कळले. मात्र उजेडातली ही खळगी नॅनोहिऱ्यांत, म्हणजे हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांत, अनेक मेगाहर्ट्झ रुंद असते, तिचा तळ शोधत बसणे वेळखाऊ ठरते. म्हणून दोन्ही उतारांवरच्या ठरावीक वारंवारतांना उजेड मोजून ती किती सरकली हे काढतात. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र वरच्या दोन अवस्थांना एकमेकींपासून दूर सारते आणि एका खळगीच्या दोन होतात. क्षेत्र क्षीण असेल तर दोन्ही खळग्यांची सरासरी घेऊन त्याचा परिणाम बहुतांशी वजा करता येतो. स्फटिकातल्या ताणामुळे होणारा फरक इतक्या सहज सुटत नाही. प्रत्येक नॅनोहिऱ्याची मूळ वारंवारता थोडी वेगळी असते, त्यामुळे निरपेक्ष तापमान हवे असेल तर त्याचे अंशांकन वेगळे करावे लागते. शिवाय लेसर आणि सूक्ष्मलहरी स्वतःच उष्णता निर्माण करतात. मोजणाऱ्याने मोजायची वस्तू तापवली, तर आकडा कितीही बारीक असला तरी उपयोग नाही.

हिरा उष्णतेचा उत्तम वाहक आहे. खोलीच्या तापमानाला तो तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहतो, म्हणून कण भोवतालच्या तापमानाला लगेच येतो. तो रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे. चमकणाऱ्या रंगद्रव्यांवर चालणाऱ्या तापमापकांत रंग फिका पडतो आणि आम्लता बदलली तरी उजेड बदलू शकतो. हिऱ्यात या अडचणी बऱ्याच कमी होतात. विद्युत चिपमधले तापलेले बिंदू शोधणे हे त्याचे स्वाभाविक कार्यक्षेत्र आहे. भारतात राष्ट्रीय क्वांटम मिशनखाली क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. याच हिरे-केंद्रांवर तिथे काम चालते, पण त्यातला ठळक भाग चुंबकीय क्षेत्राच्या प्रतिमांचा आहे.

तापमापक म्हणून हिऱ्याला प्रसिद्धी मिळाली ती २०१३ मध्ये. हार्वर्डच्या कुच्को, ल्युकिन आणि सहकाऱ्यांनी मानवी पेशीत नॅनोहिरे आणि सोन्याचे सूक्ष्मकण सोडले, सोने लेसरने तापवले आणि पेशीच्या आतले तापमान टिपले. अतिशुद्ध मोठ्या हिऱ्यात त्यांनी १.८ मिलिअंशाचा फरक ओळखला. पुढे २०२० मध्ये जपानी संशोधकांनी जिवंत सूत्रकृमीत असे मापन केले.

पेशी स्वतःहून किती तापते, हा प्रश्न मात्र वादाचा आहे. विविध पद्धतींनी पेशीत अंशभर फरक आढळल्याचे दावे झाले. २०१४ मध्ये बाफू आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की एका पेशीतून निर्माण होणारी उष्णता पाहता ही वाढ अंशाच्या लाखाव्या भागाइतकीच असायला हवी. सोने तापवून केलेल्या प्रयोगाला हा आक्षेप लागू नाही, कारण तिथली उष्णता बाहेरून दिलेली होती. पेशीच्या स्वतःच्या उष्णतेचा अंशभर फरक सांगणारा आकडा मात्र, तो हिऱ्याने दिला असला तरी, या हिशेबाचे उत्तर मिळेपर्यंत पक्का धरता येत नाही.