जहाल कोण, मवाळ कोण

लेखमाला : शब्द आणि सार्वजनिक वाद
लेख सातवा

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या मावसभावाने एक प्रश्न टाकला. तो निफाड तालुक्यात शेती करतो. त्याचा लाल कांदा नुकताच निघायला लागला होता. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून होणारं नुकसान एकट्या शेतकऱ्यानेच का सोसायचं, एवढंच त्याने विचारलं. पहिल्याच उत्तरात त्याला कुणी ‘फुरोगामी’ म्हटलं. त्याची बाजू घ्यायला आलेल्याने समोरच्याला ‘अंधभक्त’ ठरवलं. रात्रीपर्यंत साठेक मेसेज झाले आणि त्यांत कांदा कुठेच उरला नाही. दादा एरवी ग्रुपवर पावसाचे फोटो आणि लग्नपत्रिका टाकणारा माणूस. त्यानंतर कित्येक दिवस तो एक अक्षर बोलला नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

गेल्या आठवड्यात ‘देशद्रोही’ हा एकच शब्द घेतला होता. आज शिक्के मारण्याची ही रीतच पाहू.

ती जुनी आहे, आणि महाराष्ट्राला तिची चांगली ओळख आहे. वंगभंगानंतर काँग्रेसमध्ये दोन तट पडले आणि ‘जहाल’, ‘मवाळ’ हे शब्द घराघरांत पोचले. २ जानेवारी १९०७ रोजी टिळकांनी कलकत्त्यात नव्या पक्षाची भूमिका मांडली, ती सुरुवातच या दोन शब्दांपासून. त्यांचं म्हणणं असं की हे शब्द काळाला बांधलेले आहेत. आज ज्यांना मवाळ म्हणतात ते काल जहाल होते, आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. ज्यांच्यावर शिक्का बसला होता त्यांचाच पुढारी हे सांगत होता, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. मंडपात खुर्च्या उडाल्या, आणि भिरकावलेला एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. हे सुरेंद्रनाथ कोण? १८८३ मध्ये न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तुरुंगात गेलेले, बंगालच्या तरुणांना पेटवणारे वक्ते. चोवीस वर्षांनी जोडा खाताना ते मवाळांचे पुढारी होते. त्यांची मतं पार उलटली होती असं नाही, मोजपट्टी पुढे सरकली होती.

या शब्दांची दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. जहाल-मवाळ हे एकाच प्रश्नाचं उत्तर होतं : ब्रिटिशांकडून हक्क मिळवायचे ते कोणत्या मार्गाने? प्रश्न बदला, की रांगा मोडतात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेलं, तेव्हा टिळक त्याच्या विरोधात उभे होते आणि आगरकर बाजूने. मवाळ म्हणून हिणवले गेलेले गोखले १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन सरकारपुढे उभे राहिले. आता यांतलं कोण जहाल?

‘डावे-उजवे’ या जोडीचा जन्मही असाच एका प्रश्नातून झाला. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर वाद होता. द्यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नको म्हणणारे डाव्या. तो राजा गेला, तो प्रश्न गेला, बसण्याच्या जागा मात्र जगभर पसरल्या.

आपल्याकडे या जागांवर न बसणारा माणूस म्हणून मला नेहमी शरद जोशी आठवतात. स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला आणि कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर घेऊन बसला. लाठ्या, तुरुंग, रास्ता रोको : हे सगळं चित्र डाव्या चळवळीचं. पण मागणी होती बाजार मोकळा करा, सरकारने मधून बाजूला व्हा. पुढे त्यांनी खुल्या अर्थव्यवस्थेचं उघड समर्थन केलं, तेव्हा अनेक डाव्यांनी त्यांना बड्या शेतकऱ्यांचा पुढारी म्हटलं. त्याच जोशींनी नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. आणि मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झालं, तेव्हा विरोधातलं ते एक मत त्यांचंच होतं. राखीव मतदारसंघ आळीपाळीने बदलत राहण्याला त्यांचा आक्षेप होता. मला तो पटत नाही. पण तो समजून घेतला नाही तर चांदवडही समजत नाही. एका शब्दात या माणसाला बसवायला गेलं, तर त्याचं निम्मं आयुष्य बाहेर राहतं.

मग राजकीय नावं टाकूनच द्यायची का? तसं मी म्हणणार नाही, कारण नाव आणि शिक्का यांत मोठा फरक आहे. तो पाहायचा तर जानेवारी १९३८ मधल्या मुंबई विधानसभेत जावं लागेल. सरकारी विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घातला जात होता. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. शब्द दिसायला गोड होता, पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, ते स्वतः निवडून, छाती पुढे काढून. ‘सत्यशोधक’ हेही असंच घेतलेलं नाव. अशा नावात माणूस स्वतःबद्दल काही कबूल करतो, आणि म्हणून त्याला त्याबद्दल जाब विचारता येतो. ‘सत्यशोधक म्हणवता, मग लग्नाला भटजी कसा बोलावला?’ असं विचारता येतं. ‘फुरोगामी’ला किंवा ‘अंधभक्ता’ला काय विचारणार? तो शब्द त्याने घेतलेलाच नाही.

‘फुरोगामी’ची घडणही पाहण्यासारखी आहे. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. एक अक्षर बदललं की शब्द हास्यास्पद होतो, आणि तो माणूस काय म्हणतो आहे हे ऐकण्याची गरज संपते. ‘भक्त’ला ‘अंध’ जोडलं की तेच काम दुसऱ्या बाजूने होतं.

समाजमाध्यमांवर हे इतकं का फोफावतं, याचं एक उत्तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळतं. अमेरिकेतल्या वृत्तमाध्यमांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या फेसबुक-ट्विटरवरच्या २७ लाखांहून अधिक पोस्ट त्यात तपासल्या होत्या. विरोधी गटाचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला, की ती पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढत होती. स्वतःच्या गटाबद्दल बोलण्याने तेवढा फरक पडत नव्हता. लाइक आणि शेअर मिळतात ते ‘ते लोक’ म्हटल्यावर. ही चटक एकदा लागली की ती घरच्या ग्रुपवरही येते, जिथे समोर आपलाच मावसभाऊ असतो.

म्हणून मी हल्ली अशा वादात एकच गोष्ट करतो. कुणी कुणाला काही ठरवलं, की विचारतो : कोणत्या प्रश्नावर? उत्तर नेहमी येतं असं नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते, निरोप मिळताच ते खाली पुण्यात आले. स्मशानात बोलायला उभे राहिले तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टिळकांनी त्यांना थांबवलं. ही वेळ अश्रू ढाळण्याची आहे असं सांगितलं. मग सात वर्षांपूर्वी सुरतेत ज्यांच्यासमोर ठाकले होते त्या गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, आणि यांच्याकडे पाहा, यांच्यासारखं काम करा, असं तिथल्या गर्दीला सांगितलं.

(पुढील आठवड्यात : ‘सेक्युलर’ या शब्दाचे मराठी अवतार)