अधिष्ठानाचा तास

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात रोज तीन सामूहिक बैठका होतात: सकाळी ८, दुपारी २.३० आणि संध्याकाळी ६ वाजता. प्रत्येक बैठक एक तासाची असते. चौथ्या दिवशी विपश्यनेची, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची, दीक्षा मिळाली की या बैठकांना नवा नियम लागू होतो. तासभर डोळे उघडायचे नाहीत, जुळवलेले हात सोडायचे नाहीत आणि घातलेली मांडी मोडायची नाही. या निर्धाराला अधिष्ठान म्हणतात. मनःशांतीच्या ओढीने इगतपुरीच्या शिबिराचा रस्ता धरलेल्या माणसाच्या पदरात या तासात आधी पडते ती गुडघेदुखी, आणि शिबिराची आखणी मुळात तशीच केलेली आहे.

त्याआधीचे साडेतीन दिवस तयारीचे असतात. मोबाइल, पुस्तके, वही-पेन सारे कार्यालयात जमा होते. पहाटे ४ वाजता घंटा होते आणि साडेचारपासून ध्यान सुरू होते. साधकांनी एकमेकांशी बोलायचे तर नाहीच, खाणाखुणाही करायच्या नाहीत. हे आर्य मौन दहाव्या दिवशी सकाळी सुटते. या दिवसांत काम एकच, आनापान. नैसर्गिक श्वास नाकपुड्यांशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागावर जाणवतो तसा पाहायचा. तो दीर्घ करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत नामजपही नाही. ऐकताना हे अगदीच किरकोळ वाटते. बसल्यावर दोन-चार श्वासही धड पाहून होत नाहीत. रिकामे बसणे माणसाला किती जड जाते, हे २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतूनही दिसले होते. १५ मिनिटे फक्त स्वतःच्या विचारांसोबत बसायचे, हवे तर बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य धक्का द्यायचा, अशी ती मांडणी होती. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांनी आणि २५ टक्के स्त्रियांनी निदान एकदा तरी धक्का घेतला, आणि हा धक्का टाळण्यासाठी पैसे मोजायलाही आपली तयारी आहे असे त्यांनीच आधी सांगितले होते.

अधिष्ठानाच्या तासातली पहिली काही मिनिटे बरी जातात. मग नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते. एरवी हात कधी वर गेला हे कळतही नाही. इथे तो जाऊ द्यायचा नसतो, त्यामुळे खाजेआधी हात उचलण्याची घाईच ठळक दिसू लागते. खाज वाढते, टोचते आणि पुष्कळदा आपोआप विरून जाते. अर्धा तास उलटला की घोट्याखाली मुंग्या येतात, गुडघ्यात कळ उठते. मन लगेच हिशेब मांडू लागते: किती वेळ उरला, उशी आणखी एक घ्यायला हवी होती, शेजारचा कसा इतका निवांत बसलाय. शेवटी ध्वनिमुद्रित मंगलपाठ सुरू होतो तेव्हा दुखणे तेवढेच असते, पण तास संपत आल्याच्या नुसत्या जाणिवेने ते अचानक सुसह्य होते. साधकाने काही शिकायचे असेल तर या ठिकाणी. दुखणे आणि दुखण्याविषयीची तगमग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रवचनात ऐकून पटत नाही.

बौद्ध विचारात या भेदाला मोठे स्थान आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरे उपजण्याच्या, साखळीत वेदनेतून तृष्णा उपजते. इथे वेदना म्हणजे केवळ दुखणे नाही. सुखद, दुःखद किंवा यांपैकी काहीच नसलेली कोणतीही संवेदना तीत येते. संयुत्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात यासाठी दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराचे दुखणे हा पहिला बाण. त्यावर चडफडणारा माणूस स्वतःला दुसरा मारून घेतो. पहिला चुकत नाही, दुसरा चुकवता येतो. हालचाल बंद ठेवण्याचे कारण हेच. मांडी मोडली की वेदना आणि प्रतिक्रिया एकदमच नाहीशा होतात आणि दोहोंमधली फट पाहायची राहून जाते.

प्रयोगशाळेतही याच्याशी मिळतेजुळते काही आढळले आहे. फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवख्या लोकांना चार दिवस श्वासावरचे ध्यान शिकवून त्यांच्या पायाला तापलेल्या उपकरणाचे चटके देण्यात आले. ध्यान करताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्के, तर तिचा त्रासदायकपणा ५७ टक्के कमी नोंदला गेला. अभ्यास अवघ्या १५ जणांचा होता, तेव्हा आकड्यांवर फार भार देऊ नये. पण त्रासदायकपणा तीव्रतेपेक्षा जास्त उतरला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ही पद्धत भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने ते इतके बेजार होते की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशांतले डॉक्टर करून झाले, तेव्हा १९५५ साली ते रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेले गृहस्थ आचार्य. केवळ डोकेदुखी घालवायला आलेल्या या माणसाला त्यांनी आधी नकारच दिला. मन निर्मळ करायचे असेल तर या, आजार बरा झाला तर तो आनुषंगिक लाभ, अशी त्यांची भूमिका होती. गोएंका पुढे १९६९ साली भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर झाले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली.

ऊ बा खिन यांची अट तासाच्या बैठकीलाही लागू पडते. सातव्या-आठव्या दिवशी काही साधकांना अंगभर सूक्ष्म तरंगांची धारा जाणवते. जड, दुखरे शरीर नाहीसे झाल्यासारखे वाटते आणि ‘आता जमले’ असा आनंद होतो. पुढच्या बैठकीत ती धारा येत नाही, मग हिरमोड. नको असलेल्या दुखण्याला ढकलणे आणि हव्या असलेल्या सुखाला कवटाळणे, दोन्ही सारखीच प्रतिक्रिया, म्हणून आचार्य अशा अनुभवाचे कौतुक करत नाहीत. साधक मात्र दहाव्या दिवशी मौन सुटताच नेमके तेच एकमेकांना विचारतात.

अधिष्ठान म्हणजे सोशिकपणाची स्पर्धा नव्हे. कळ असह्य झाली तर सावकाश पाय बदलण्याची मुभा असते. ज्यांना खाली बसवत नाही त्यांना खुर्ची मिळते आणि तिने साधनेत काही उणे येत नाही. गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांना मात्र शिबिरात न येण्याचा सल्ला दिला जातो, कारण इतके मौन आणि एकांत सर्वांनाच मानवतो असे नाही. प्रवेश-अर्जात म्हणूनच आजार आणि औषधांची चौकशी असते. तिथे खरी माहिती लपवून दाखल होणे धोक्याचे. शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे सांगितले जाते. घरी त्या तासात फोन वाजतो, दाराची बेल होते, कुकरची शिट्टी होते, आणि तिथे उठू नका म्हणणारा नियमही नसतो.