वकील चालत नाही

सकाळी 6.40
नवापूरचं एसटी स्टँड. मी आज ताईंसोबत आहे. त्यांच्या खांद्याला रेक्झिनची बॅग. आत फाइल, स्टॅम्प पॅड, कोरे कागद, डिंकाची बाटली, बिस्किटांचे पुडे. म्हाताऱ्यांना कायद्याची मदत करणारी त्यांची संस्था म्हणजे भाड्याची एक खोली आणि अर्धवेळ येणारा एक मुलगा. अध्यक्ष, कारकून, दुभाषी, हमाल सगळं ताईच.

आज ज्यांच्या पोटगीच्या अर्जाची तारीख आहे ते बाबा पाड्यावरून जीपने आले. जीपचे तीस रुपये ताईंनी वहीत लिहिले. बाबांचा पुढचा प्रवास फुकट. पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटीत तिकीट नाही, ताईंना बायकांचं अर्धं. कंडक्टर आधार कार्ड बघतो. जन्मतारीख 1 जानेवारी. निम्म्या पाड्याची तीच असते, कारण खरी कुणी लिहूनच ठेवली नव्हती.

सकाळी 9.30
विसरवाडी, खांडबारा करत नंदुरबार. प्रांत कार्यालयासमोर झेरॉक्स, पानाला दोन रुपये. ऑनलाइन सातबारा पंधरा रुपये. मग चहा. बाबा बशीत ओतून पितात, बिस्किट खिशात ठेवतात.

दुपारी 1.10
तारीख सकाळी अकरा वाजताची होती, पुकारा आत्ता झाला. समोर प्रांतसाहेब. तेच इथे न्यायाधिकरण. ज्येष्ठांच्या पोटगीच्या 2007 च्या कायद्याने या दालनात वकिलाला मनाई केली आणि नोंदणीकृत संस्थेला म्हाताऱ्यांच्या वतीने अर्ज करायची मुभा दिली. म्हणून तर ताई इथे उभ्या आहेत. त्या वकील नाहीत. कलमं मात्र पाठ आहेत.

बाबांचा मोठा मुलगा गावातच असतो, शेत त्याच्या नावावर. धाकटा गुजरातेत ऊस तोडतो. तारखेसाठी रात्रीच निघाला, आजची मजुरी बुडाली. तो म्हणतो, मुकादमाची उचल फिटलेली नाही, देऊ कुठून? खोटं बोलत नसावा. चपलेचा अंगठा तारेने बांधलाय.

कायद्याप्रमाणे महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मागता येते. ताईंनी मुलामागे एक हजार मागितले. जास्त मागितलं की कागदावर राहतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

साहेबांनी बाबांना विचारलं, तुम्हाला काय हवं? बाबा मावचीत बोलले, ताईंनी मराठीत सांगितलं: पैशाचं बघा तुम्ही, मला ओसरीवरून आत घ्या. थोरला खाली बघत राहिला.

तडजोड लिहायला पाऊण तास गेला. आतली खोली आणि वर्षाचा भात थोरल्याकडे. धाकट्याने महिन्याला सहाशे, बँकेत. तिघांचे अंगठे. बाबांचा अंगठा नीट उठेना, आयुष्यभर कुदळ धरून रेषाच गेल्यात. ताईंनी पदराने पुसून पुन्हा दाबला.

दुपारी 4.30
नवापूर. खोलीबाहेर माणसं बसलेलीच.

एका आजीची श्रावणबाळ योजनेची रक्कम थांबलीय, महिन्याचे 1500. खात्याला आधार जोडलेलं नाही. उद्या संस्थेतला मुलगा सोबत बँकेत जाईल. दुसऱ्या आजी अर्ज करायला आल्यात. आधारवर वय 64, मतदार यादीत 70. योजनेला 65 लागतं. पोटगीच्या कायद्यात ज्येष्ठ ठरायला साठ पुरतात, फुकट एसटीला पंच्याहत्तर. बाई एकच, तिचं म्हातारपण प्रत्येक खिडकीवर वेगळं. ताई जन्माचा पुरावा शोधायला सांगतात. शाळा नाही, म्हणजे दाखला नाही. थोरल्या लेकाच्या दाखल्यावरून काही जमतं का, बघू म्हणतात.

संध्याकाळी 6.00
एक मास्तर, निवृत्त. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचंय. मसुदा तयार, मुहूर्तही काढलाय. ताईंनी दोनदा वाचला आणि पेनाने एक ओळ घातली: हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर. मास्तर अवघडले. पोरगा काय म्हणेल? ताई म्हणाल्या, ही ओळ असली आणि त्याने सांभाळलं नाही, तर कलम 23 खाली प्रांत ते बक्षीसपत्र रद्द करू शकतात. ओळ नसली तर भांडत बसा. मास्तरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

रात्री 8.15
खर्चाची वही. जीप, तिकीट, झेरॉक्स, सातबारा, चहा, बाबांची परतीची जीप. देणगीदाराला प्रत्येक कागद लागतो, पण जीपवाला पावती देत नाही. तो खर्च ताईंच्या पर्समधून. गेल्या तिमाहीचं मानधन अजून आलेलं नाही.

बाबांचा कागद बांधून ठेवला. महिनाभराने ताई पाड्यावर जाऊन पाहणार: भात दिला का, पासबुकात सहाशे पडले का, अंथरूण कुठे आहे. पैसे पडले नाहीत तर त्याच न्यायाधिकरणाकडे पुन्हा अर्ज, मग वॉरंट.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, सकाळी आठ ते रात्री आठ, फोनला पैसे पडत नाहीत. नंबर त्यांना मोठ्या अक्षरात लिहून द्या.