गालगुंड, वृषणाची सूज आणि हातचे सहा तास

तरुण मुलाला गालगुंड झाले की घरातली मोठी माणसे गालाकडे कमी आणि पुढच्या पिढीकडे जास्त बघू लागतात. ‘आता याला मूल व्हायचं नाही’ ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे. वयात येण्याआधी गालगुंड झाले तर वृषणाला सूज क्वचितच येते. वयात आल्यावर साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांना ती येते, बहुधा गाल सुजल्यानंतर आठवडाभरात आणि बहुतेकदा एकाच बाजूला. ते वृषण पुढे थोडे आकसू शकते, पण कायमचे वंध्यत्व विरळा. हा आजार विषाणूचा असल्याने त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. विश्रांती, वेदनाशामक, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि आधाराला घट्ट चड्डी, एवढाच उपचार. आणि सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस झाली म्हणजे गालगुंडाचीही झाली, असे धरू नका. त्यासाठी एमएमआर लागते.

दुसरा समज जास्त घरे बिघडवतो: सूज आली म्हणजे माणूस बाहेरख्याली. तरुणांत क्लॅमिडिया, गोनोरिया ही कारणे असतात खरी, आणि तेव्हा जोडीदारालाही औषध द्यावे लागते. पण साठीतल्या गृहस्थाला प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी तुंबून किंवा कॅथेटर घातल्यावर जंतुसंसर्ग होतो, तिथे चारित्र्याचा काय संबंध? अशा सुजेवर अँटिबायोटिक लागते, आणि दुखणे थांबले तरी ते पूर्ण दिवस घ्यायचे.

सगळ्यात महागात पडतो तो तिसरा समज: शेकून, एरंडाचे पान बांधून उतरेल. वृषणाला पीळ पडला तर त्याचा रक्तपुरवठाच थांबतो. साधारण १२ ते १८ वयात, अनेकदा झोपेत, अचानक कळ येते, उलटी होते, वृषण वर ओढल्यासारखे दिसते. मुलगा लाजेने ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगतो आणि आई ओवा देते. कळ सुरू झाल्यापासून सहा तासांत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचते. उशीर होईल तशी आशा कमी. पीळ की संसर्ग, हे घरी ठरवता येत नाही. डॉप्लर सोनोग्राफीची मदत होते, पण शंका दाट असेल तर सर्जन तिच्यासाठीही थांबत नाहीत. शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचे वृषणही टाके घालून जागी पक्के करतात, कारण पीळ तिथेही पडू शकतो.