जुन्या दुनळी बंदुकीची पारख

भातशेतीस रानडुकरांचा उपद्रव सुरू झाला कीं, पनवेल तालुक्यांतील एखाद्या घरीं आजोबांची दुनळी माळ्यावरून खालीं येते. ती घासून चकचकीत करण्याची वारसांस घाई फार! परंतु परवाना धारकाच्या नांवचा असतो. तो बंदुकीसोबत वारशानें येत नाहीं. धारक वारला असल्यास बंदूक पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नांवें अर्ज करावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें दुरुस्तीसहि परवानाधारक कारागीरच पाहिजे.

कारागिराकडून नळ्यांखालचे ठसे वाचून घ्यावेत. लंबवर्तुळांत ‘ईएलजी’ असल्यास नळीची कसोटी बेल्जममधील लीज येथें झालेली. इंग्रजी बंदुकीवर ‘एनपी’ म्हणजे धूरविरहित दारूची कसोटी. नळीवर लाटांसारखी वेलबुट्टी असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेली ‘दमास्कस’ होय. मात्र स्वस्त मालावर ही नक्षी नुसती वरून उठविलेलीहि आढळते. धूरविरहित दारूचा ठसा नसलेल्या अशा नळींत आजचें काडतूस घालणें म्हणजे हात गमावणें. जुन्या इंग्रजी १२ बोअरचें घर बहुधा अडीच इंची. पावणेतीन इंची काडतूस त्यांत शिरलें तरी उडवूं नये.

सुट्या नळ्या दोरीस टांगून टिचकी मारावी. घंटेसारखा नाद न उठल्यास मधल्या पट्टीचा डाख सुटलेला समजावा.

तांबेरा तेलानें मऊ करून काढावा, कानस लावूं नये. दस्त्यास जवसाचें तेल पुरे.

रानडुकरावर बार काढण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खालीं लेखी परवानगी लागते.

पावसाळ्यांत बंदूक चामडी पेटींत ठेवूं नये. चामडें ओल धरतें.